एका यंत्रात चार पाहुणे

सोमवार, ६ डिसेंबर १९९३

डायरी खताच्या कंपनीनं वाटलेली आहे. अकरा महिने कोरीच राहिली. आता लिहायला घेतली, कारण शनिवारी दिनकरराव साहेबांनी, म्हणजे आमच्या बियाणे संघाच्या व्यवस्थापकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. सहा वर्षांत दार पहिल्यांदाच लागलं.

संचालक मंडळानं संगणक सहायकाची कायम जागा मंजूर केली आहे. एकच. पंधरा जानेवारीच्या आत नव्या यंत्राचे चारही टर्मिनल चालू झाले आणि उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्याचे टॅग वेळेत निघाले, तर ज्यानं ते केलं त्याच्या नावाचा हुकूम सतरा तारखेच्या बैठकीत निघेल. नाही जमलं तर औरंगाबादहून माणूस आणतील. मी सहा वर्षं रोजंदारीवर आहे. दर तीन महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात, म्हणजे नोकरी सलग धरता येऊ नये. गावात, ताडकळसला, सगळ्यांना वाटतं मी साहेब आहे. फक्त बायकोला, पार्वतीला, तो एक दिवस माहीत आहे; गावाला कळू नये म्हणून त्या दिवशीही मी नेहमीच्या बसनं पूर्णेला येतो आणि दफ्तरात न जाता स्टेशनवर बसून परत जातो.

काम काय ते लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात पक्कं राहील. बियाण्याच्या प्रत्येक लॉटची उगवणशक्ती तपासायची आणि तिचा टॅग पोत्याला लावायचा. हा प्रोग्रॅम जुन्या पीसीवर चालतो, डॉसमध्ये. ज्या मास्तरांनी तो लिहिला ते बदलून गेले. एका पीसीवर दिवसाला चाळीस टॅग निघतात आणि यंदा लॉट आहेत चौदाशे, त्यांतल्या बहुतेकांचा तपासणीचा निकाल जानेवारीतच हातात येतो. दिवाळीत नवं तीनशे शहाऐंशी मॉडेलचं यंत्र आलं, चार टर्मिनलांसकट, पण त्यात आहे युनिक्स, आणि डॉसचा प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाही. तोडगा असा की युनिक्सच्या पोटात चार डॉस चालवायचे. एका घरात चार पाहुणे, आणि प्रत्येकाला वाटावं की सगळं घर आपलंच. त्यासाठी यंत्राचा गाभा, ज्याला पुस्तकात कर्नल म्हटलंय, नव्यानं बांधावा लागतो. पुरवठादाराचा माणूस यंत्र टेबलावर ठेवून गेला. गाभ्याचं विचारलं तर म्हणाला फेब्रुवारीत येतो.

फेब्रुवारीत भुईमूग जमिनीबाहेर आलेला असेल. मी करणार.

आज गीताबाई रजेवर होत्या. दरवर्षी सहा डिसेंबरला असतात. संगणकाच्या खोलीत आम्ही दोघंच कामाला असल्यामुळे दिवसभर यंत्र माझ्या एकट्याचं होतं.

बुधवार, ८ डिसेंबर

पुस्तक इंग्रजी, चारशे पानी. त्यातली साठ पानं मला समजली असं धरू.

गाभा बांधायचा म्हणजे आधी एक यादी उघडायची. यादीत दोन तऱ्हेचे प्रश्न आहेत. पहिले, हवं की नको: टेप हवी का, नेटवर्क हवं का, डॉसच्या पाहुण्यांची सोय हवी का. तिथं वाय किंवा एन लिहायचं. दुसरे, किती: एका वेळी किती फायली उघडाव्यात, किती कामं चालावीत, डिस्कवरून आणलेली माहिती किती कप्प्यांत वाटून ठेवावी. तिथं आकडा. डॉसच्या सोयीपुढं एन होता. म्हणजे महिनाभर पाहुणे दारात उभे आणि आतून कडी लावलेली. मी वाय केलं.

पुस्तकानं सुचवलेले आकडे शंभर, दोनशे, दोनशे छप्पन असे होते. आई लहानपणापासून सांगत आली की आहेर असो की देणगी, शून्यावर थांबू नये, वर एक ठेवावा म्हणजे वाढ राहते. मी प्रत्येक आकड्यावर एक ठेवला. एकशे एक, दोनशे एक, दोनशे सत्तावन. यंत्राला मिळालं तर जास्तच मिळालं.

साहेबांची ताकीद आहे की प्रत्येक बदल रजिस्टरला चढवायचा. ते काम मी गीताबाईंना दिलं. त्या डेटा भरतात, आडनाव वाव्हळे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, भाऊ इथंच पूर्णेला रेल्वेत आहे. अक्षर मोत्यासारखं आहे. त्यांनी यादी उतरवून घेताना विचारलं, "सर, हे आकडे पुस्तकातले हायत का?" मी म्हणालो, अनुभवाचे आहेत. त्यांनी तसं लिहून घेतलं.

शनिवार, ११ डिसेंबर

गाभा बांधायला बावीस मिनिटं लागतात आणि आमची बॅटरी टिकते पंधरा. मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. दोन दिवस हेच चाललं होतं. शेवटी बन्सीधर शिपाई कामाला आला. त्याचा मेव्हणा सबस्टेशनवर वायरमन आहे. आता बांधणीच्या आधी बन्सीधर फोन लावतो, पलीकडून मेव्हणा सांगतो अर्धा तास धक्का नाही, आणि मग मी एन्टर दाबतो. औरंगाबादच्या इंजिनिअरला हे सुचलं असतं का?

अकरा वाजता गाभा तयार झाला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पहिल्या टर्मिनलवर डॉसची खूण उमटली आणि उगवणशक्तीचा प्रोग्रॅम जुन्या पीसीवर दिसतो तसाच दिसला. पहिला पाहुणा घरात आला. मी यंत्रापुढं नारळ फोडला. पाणी की-बोर्डवर उडता उडता राहिलं.

बन्सीधरनं सगळ्यांना चहा आणला. गीताबाईंना स्वच्छतेचं फार आहे, घरून आपला स्टीलचा पेला आणतात. बन्सीधर त्यात वरून ओततो.

गुरुवार, १६ डिसेंबर

दुसरा पाहुणा आला आणि घर कुरकुरायला लागलं. एक चालला तर काम सुरळीत. दोन चालले की लॉट नंबर टाकून तंबाखू मळून होईपर्यंत पडदा हलत नाही. तिसरा सुरू केला तर पहिले दोघंही थिजले. हंगामापुरत्या रोजावर आलेल्या तीन पोरी दिवसभर टर्मिनलांपुढं बसून नखं बघत होत्या.

मेमरी कमी पडते. दुसरं काय असणार? आठ मेगाबाइटमध्ये युनिक्स आणि चार डॉस. घोडं तिथंच पेंड खातंय.

मंगळवार, २१ डिसेंबर

मेमरी विकत मिळणार नाही, म्हणून आहे तीच वाचवायची ठरवलं. गाभ्यातून नको ती सोय काढली की तेवढी जागा मोकळी होते. टेप काढली, नेटवर्क काढलं. ज्याचं नाव ओळखीचं वाटलं नाही ते काढलं. चार दिवसांत सहा वेळा गाभा बांधला. बन्सीधरचा मेव्हणा आता फोन उचलल्यावर आधी माझंच नाव घेतो, "हां भुजंगराव".

आज साहेब स्वतः बघायला आले. दोन पाहुणे बऱ्यापैकी चालत होते. मी ऐटीत टॅग छापायची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म. तो बंद करून सुरू केला, केबल काढून लावली, थोडा पुरवठादाराला बोललो. साहेब गेल्यावर गीताबाई रजिस्टर घेऊन आल्या आणि कालच्या नोंदीवर बोट ठेवलं. काल जे अनोळखी नाव मी काढलं होतं ते प्रिंटरच्या जोडणीचं होतं. साहेबांपुढं त्या बोलल्या नाहीत हे बरं झालं. परत घातलं.

जुना गाभा दुसऱ्या नावानं जपून ठेवतोच, त्यामुळे यंत्र काही कायमचं बसत नाही. मी मात्र बसायच्या बेताला आलोय.

मंगळवार, २८ डिसेंबर

एक आठवडा काही लिहिलं नाही, कारण काही झालं नाही. म्हणजे नऊ वेळा गाभा बांधला आणि काही झालं नाही. मेमरी बरीच मोकळी झाली आहे, हे यंत्रच दाखवतं. तरी तिसरा पाहुणा आला की सगळं घर आजारी पडतं. मेमरी मोकळी आणि वेग नाही, हे माझ्या समजुतीच्या पलीकडं आहे. हे वाक्य फक्त इथं लिहितोय.

साहेबांनी विचारलं, औरंगाबादला फोन लावू का? मी म्हणालो, पंधरा तारखेपर्यंत मोहलत दिलीय ना, मग पंधरापर्यंत मला कुणी विचारू नका. आवाज जरा चढला. साहेब हसले आणि फायलीत डोकं घातलं.

घरी पार्वती म्हणाली जेवताना तरी आकडे पुटपुटू नका. मला कळलंच नव्हतं.

तरी सोडणार नाही. ही जागा गेली तर पुन्हा जागा निघायला आणखी सहा वर्षं जातील आणि तोवर मी तीन महिन्यांनी एकदा स्टेशनवर बसत राहीन.

शनिवार, १ जानेवारी १९९४

नवी डायरी मिळाली, बियाणे कंपनीची. कागद चांगला आहे.

गीताबाईंनी पुस्तक दोन दिवस घरी न्यायला मागितलं. मी म्हणालो पुस्तक संघाची मालमत्ता आहे, बाहेर जाणार नाही. आणि चारशे पानी इंग्रजी पुस्तक घेऊन त्या करणार काय? त्या म्हणाल्या वाचीन. मग म्हणाल्या, आमचा भाऊ डिक्शनरी आणून देतो. हसू आवरलं. पण दुपारच्या सुट्टीत त्या डबा बाजूला ठेवून इथंच पुस्तक उघडून बसल्या. त्याला मी हरकत घेतली नाही.

सोमवार, ३ जानेवारी

उद्या-परवा पालमला जायचंय. चुलतभावाचा साखरपुडा, न जाऊन चालणार नाही. बारा दिवस उरले असताना दोन दिवस लाडू खाण्यात घालवायचे. खोलीची किल्ली गीताबाईंना दिली आणि सांगितलं, जुन्या पीसीवर जमतील तेवढे टॅग काढा, नव्या यंत्राला हात लावू नका. त्या म्हणाल्या, बरं सर.

गुरुवार, ६ जानेवारी

सगळं ओळीनं लिहितो.

सकाळी साडेनऊला पोचलो. दारातूनच प्रिंटरचा आवाज आला. आत तीन पोरी तीन टर्मिनलांवर, चौथ्यावर गीताबाई, आणि चौघी भराभरा लॉट भरत होत्या. कुणी नखं बघत नव्हतं. मी दारात चपला काढायचं विसरून तसाच आत गेलो.

मी विचारलं, कुणी आलं होतं का औरंगाबादहून? गीताबाई उठून उभ्या राहिल्या. "कुणी न्हाई सर. काल मी गाभा बांधला. तुमी हात लावू नका म्हणलं होतं, ते ऐकलं न्हाई. काय बोलायचं ते बोला."

त्यांनी रजिस्टर उघडलं.

"मी सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्या. तुमी एवढं समदं बदललं सर, पण एक गोष्ट कधीच बदलली न्हाई. प्रत्येक आकड्याच्या शेवटी एक वरचा हाय. मी एकेक आकडा पुस्तकात काढला. बाकीच्याला एकानं काई होत न्हाई. पण हा दोनशे सत्तावनचा, ह्याच्या पानावर तळाला बारीक अक्षरात लिवलंय की हा आकडा दोनाच्या पटीतच दुप्पट दुप्पट होत गेलेला पायजे. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन."

मी म्हणालो, एकानं काय फरक पडतो?

त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. डिस्कवरून आणलेली माहिती कुठल्या कप्प्यात ठेवायची हे यंत्र या आकड्यातून एक वजा करून ठरवतं. दोनशे छप्पनमधून एक गेला की दोनशे पंचावन्न, यंत्राच्या एक-शून्याच्या भाषेत आठही घरं एकनं भरलेली, म्हणून दोनशे छप्पन कप्पे वापरात येतात. माझ्या दोनशे सत्तावनमधून एक गेला की दोनशे छप्पन. त्यात एकच घर भरलेलं. एक घर भरलेलं किंवा रिकामं, एवढंच, म्हणून त्यातून दोनच कप्पे ओळखता येतात. "म्हंजे खिडक्या दोनशे सत्तावन बांधल्या, उघड्या दोनच. एक पाहुणा असंल तर दोन खिडक्या पुरतात. चार आले की समदी रांग तिथंच."

मेमरीचा त्यात काही संबंध नव्हता. एक महिना मी भलत्याच दुखण्यावर औषध देत होतो, आणि दुखणं मीच लावलं होतं, शुभ म्हणून.

गीताबाईंनी विचारलं, "सर, त्या एकाचं काय कारण होतं? मला वाटलं काई तरी असंल, म्हणून इतके दिवस विचारलं न्हाई." मी म्हणालो, होतं एक कारण. आईचं नाव घेतलं नाही.

दिवसभरात एकशे साठ टॅग निघाले. मी फार आनंदात आहे, असायलाच हवं. आणखी एक-दोन दिवसांत मीही तिथं पोचलोच असतो. टेप आणि नेटवर्क तर मीच काढलं होतं.

सोमवार, १० जानेवारी

मंडळासाठी अहवाल लिहिला. साहेबांनी मागितला होता, दोन पानी. 'सुमारे एक महिन्याच्या अथक प्रयत्नांनंतर मी गाभ्यातील कप्प्यांच्या संख्येतील दोष शोधून दूर केला.' दोष होता हे खरं, तो दूर झाला हेही खरं.

घरी पार्वतीला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "अन् त्या बाईचं नाव?" मी म्हणालो अहवालात नावं घालत नसतात. ती म्हणाली, "तुमचं तर हाय." मग तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय तिथंच राहिला. बायकांना कार्यालयीन पद्धत समजत नाही.

अहवाल साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, छान लिवलंय.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी सगळ्यांना तिळगूळ दिला. टॅग शंभरच्या आत उरले होते.

आज विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. दफ्तरात एकदम शांतता झाली. एसटी चालू राहील की नाही कुणाला सांगता येईना, म्हणून साहेबांनी सगळ्यांना लवकर सोडलं. तिन्ही पोरी गेल्या. गीताबाई म्हणाल्या, उरलेले काढूनच जाते. मीही थांबलो. काम आपल्याच हातून संपावं असं वाटलं.

शेवटचे टॅग प्रिंटरमधून येत असताना त्या खुर्चीवर बसल्या. मी विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या. "सोळा वर्सं झाली सर. अठ्ठ्याहत्तरला मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गणित घेऊन. गावाकडं आले होते अन् त्याच आठवड्यात आमची आळी जाळली. दाखले, मार्कमेमो, वह्या, समदं त्या घरात होतं. नंतर दादा म्हणला पोट आधी. मग टायपिंग शिकले."

म्हणजे दोनाच्या पटीचं त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं, पुस्तकानं फक्त आठवण करून दिली. आणि मी त्यांना अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर दिलं होतं.

मी तेव्हा नववीत होतो. आमच्या गावात त्या वर्षी काही झालं नव्हतं. म्हणजे मला तसं आठवतं. आईला एकदा विचारलं पाहिजे.

चौदाशेवा टॅग चारला निघाला. बस मिळाली.

सोमवार, १७ जानेवारी

हुकूम निघाला. अध्यक्ष माणिकरावांनी बैठकीत बोलावून सगळ्यांसमोर हातात दिला. म्हणाले, औरंगाबादचा माणूस आणला असता तर काय केलं असतं त्यानं, आपल्या मातीतलाच गडी कामाला आला. टाळ्या वाजल्या. एक फेब्रुवारीपासून मी कायम.

हुकुमाचा कागद तीनदा वाचला. बसमध्ये पुन्हा काढून वाचला. पार्वतीनं देवापुढं ठेवला, आई रडली. लिहिताना लाज वाटत नाही, मीही रडलो. सहा वर्षं खिळ्याला टांगलेला माणूस खाली उतरल्यावर रडणारच.

सकाळी गीताबाईंनी अभिनंदन केलं होतं. पेढा घेतला.

गुरुवार, २० जानेवारी

गीताबाईंनी अनुभवाचा दाखला मागितला. नांदेडच्या एका सरकारी कार्यालयात युनिक्सवर काम करणारा माणूस हवा आहे, जाहिरात आली आहे. पदवी नसेल तर प्रत्यक्ष कामाचा दाखला चालतो. खोलीचा प्रमुख आता मी, म्हणून माझी सही लागते.

मी विचारलं काय लिहू? त्या म्हणाल्या, "तुमाला जे खरं वाटंल ते लिवा सर." आणि लॉटच्या फायली बांधायला गेल्या.

'डेटा भरण्याचे काम समाधानकारक केले' असं लिहिलं तर ते खोटं नाही. पण त्यावर त्यांना ती जागा मिळणार नाही. खरं लिहिलं तर दाखल्याची प्रत फायलीला लागते आणि त्याच फायलीत माझा अहवाल आहे. दोन कागद, एकच काम, दोन माणसं. जो कुणी फाइल उघडेल तो एकाला खोटं ठरवील.

अख्खी दुपार टाइपरायटरसमोर बसलो आणि कोऱ्या कागदावर नुसती तारीख टाकली. बस चुकली, पुढची धरली. पार्वतीनं जेवताना काही विचारलं नाही. ती न विचारता बसली की मला जास्त त्रास होतो.

शुक्रवार, २१ जानेवारी

सकाळी पोचल्या पोचल्या दाखला टाइप केला, विचार करायला वेळच ठेवला नाही. 'श्रीमती गीता वाव्हळे यांनी दिनांक ५ जानेवारी १९९४ रोजी माझ्या मार्गदर्शनाखाली युनिक्स यंत्रणेच्या गाभ्यातील दोष शोधून काढला, गाभा नव्याने बांधला व चार डॉस प्रणाली एकाच यंत्रावर यशस्वीपणे चालविल्या.' जावक क्रमांक घातला आणि प्रत घेऊन साहेबांकडं गेलो. या खेपेला दार मी लावलं.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "भुजंगराव, हे कशाला उकरून काढायलात?"

मी म्हणालो, अहवाल खोटा आहे साहेब. काम त्यांनी केलं. मी त्या दिवशी पालमला होतो.

"मला काय म्हाईत न्हाई का? पाच तारखेला बन्सीधर सुट्टीवर होता. सबस्टेशनला फोन मीच लावला तिच्यासाठी. बावीस मिन्टं शेजारी उभा होतो."

मग अहवाल वाचून छान लिवलंय का म्हणालात, असं विचारलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "मंडळापुढं नाव न्यायचं म्हंजे चालणारं नाव न्यावं लागतं. तिचं नेलं असतं तर जागाच परत गेली असती. तुमचं नेलं, जागा तर आली. आता हा कागद फायलीला लागला तर तुमचा हुकूम मला थांबवावा लागंल. मंडळ पुन्हा बसंल, काय ठरवंल सांगता येत न्हाई. इचार करा."

मी म्हणालो, थांबवा. हे म्हणायला जितका वेळ लागेल असं रात्रभर वाटलं होतं तितका लागला नाही. सकाळी देवापुढून उचलून आणलेला हुकूम खिशातून काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो पेपरवेटखाली सरकवला आणि दाखल्याच्या प्रतीवर 'पाहिले' असा शेरा मारून सही केली.

घरी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. कदाचित एक फेब्रुवारीला मी कायम नसेन, कदाचित रोजंदारीवरही नसेन. पण मी बाहेर आलो तेव्हा मला खरंच मोठं वाटत होतं. दाखला गीताबाईंच्या हातात देताना त्यांचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती, ती इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यांनी उभ्यानंच वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश, रजिस्टर वाचतात तसा. मी हुकुमाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लय मोठं काम केलं सर तुमी. सोपं न्हाई ते." आणि कागद परत माझ्यापुढं धरला.

"फकस्त 'माझ्या मार्गदर्शनाखाली' एवढं काढता का?"

हुकूम परत देऊन आलेल्या माणसाला हे विचारतात का, असं आधी मनात आलं. दोन शब्दांसाठी. मग पाच तारीख आठवली, पालम, लाडू, आणि त्यांना मी काय सांगून गेलो होतो ते. नव्या यंत्राला हात लावू नका. तेवढंच माझं मार्गदर्शन होतं.

पेन घेऊन ते शब्द खोडणार होतो, पण खोडाखोड केलेला दाखला सरकारी कार्यालयात चालत नाही. टाइपरायटरला दुसरा कागद लावला आणि पहिल्यापासून टाइप करायला घेतलं.